डावा पंख

वर चढण्याआधी विमानाचा डावा पंख थोडा खाली जातो, सावरतो, पुन्हा एकदा खाली जातो, आणि मगच नाक वर उचललं जातं. पहिला झुकाव मोठा, दुसरा त्याच्या निम्म्याहून थोडा जास्त. दोहोंच्या मध्ये पापणी लवावी एवढा थांबा. लढाईच्या दृष्टीने या हालचालीला काहीही अर्थ नाही. उलट तेवढ्यात वेग मरतो, आणि मागून कोणी येत असेल तर त्याचं आयतंच फावतं. हवाई लढाईचा तो खेळ जगभर असंख्य माणसं खेळत असतील, पण असं करणारा दुसरा कोणी तिच्या पाहण्यात नव्हता.

आणि पाहणं हेच तिचं काम होतं. खेळ चालवणाऱ्या कंपनीत ती निकाल तपासायला होती. कोणाची रँक वाजवीपेक्षा भराभर चढली की कंप्युटर तिच्यापुढे त्या खेळाडूच्या लढतींची चित्रफीत आणून ठेवी, आणि ती निवांत बसून बघे की हा खरंच जिंकतोय की कोणी त्याला जिंकू देतंय. माणसं काय काय करत! दोन मित्र संगनमत करून आळीपाळीने एकमेकांची विमानं पाडत आणि दोघंही वर चढत. कसलेला खेळाडू मुद्दाम हरत हरत तळाला जाई आणि तिथल्या नवशिक्या पोरांची शिकार करी. एकाने तर आपल्या म्हाताऱ्या वडिलांच्या नावाने खातं काढून वडिलांनाच रोज समुद्रात बुडवलं होतं. तिला याचा कधी राग येत नसे. फट दिसली की पाणी आत शिरणारच. आपण फट बुजवायची, पाण्यावर काय रागवायचं, असं तिचं म्हणणं.

पण या चित्रफितीपुढे ती बसून राहिली होती. कारण डाव्या पंखाची ती सवय तिच्या नवऱ्याची होती, आणि तिचा नवरा जिवंत नव्हता.

त्याचं चष्म्यांचं दुकान होतं. दुसऱ्यांचे डोळे तपासण्यात जन्म गेला, पण त्याचा स्वतःचा उजवा डोळा लहानपणापासून अधू. खालचं काही नीट बघायचं तर तो मान डावीकडे कलती करून डाव्या डोळ्याने बघे. जिना उतरताना, ताटात वाढून घेताना, सगळीकडे. दुकानाच्या मागच्या खोलीत तो हा खेळ खेळत बसे, तेव्हा वर चढण्याआधी खाली कोणी दडून बसलंय का हे बघायला विमानाचा डावा पंख झुकवी, आणि त्याबरोबर खुर्चीत आपलीही मान झुकवी.

"अरे, पडदा सपाट आहे," ती म्हणायची. "पडद्याला कसला आलाय डावा डोळा?"

"तुला नाही कळायचं," तो म्हणायचा. "तुझे दोन्ही शाबूत आहेत."

एके दिवशी दुकानाचा जिना चढताना त्याचं हृदय थांबलं. डोळे मात्र उघडेच होते, असं तिला दिराने सांगितलं. त्यानंतर दुकान दीरच सांभाळू लागला.

आता ते विमान कोण उडवत होतं, हे तिला पहिल्याच दिवशी कळलं होतं. त्यात गूढ काही नव्हतं. निदान तिने स्वतःला तसं बजावलं होतं. खेळता खेळता एखाद्याचं इंटरनेट तुटलं तर त्याचं विमान दगडासारखं खाली पडू नये म्हणून कंपनीने एक सोय केली होती. त्या माणसाच्या आधीच्या उड्डाणांवरून कंप्युटर त्याची ढब शिके, आणि लाइन तुटली की त्याच्या जागी त्याच्यासारखं विमान उडवी. ऑफिसात या सोयीला सगळे 'सावली' म्हणत. सावलीत जीव नसतो. ती म्हणजे जुन्या उड्डाणांची एक सरासरी, आणि त्या सरासरीत ताज्या उड्डाणांना वजन जास्त.

सावलीच्या गुणांचा नियम तिनेच सुचवलेला. नवऱ्याच्या दुकानातली लाइन सारखी तुटायची, त्याची रँक घसरायची, आणि जेवताना तो कुरकुरत बसायचा. "माझा काय दोष? वायर कुरतडणाऱ्या उंदराची रँक खाली करा!" तेव्हा तिने ऑफिसात मांडलं: लाइन तुटलेल्याचे गुण कापू नयेत, कारण चूक त्याची नाही. आणि त्याच्या सावलीला पाडणाऱ्याला मात्र गुण पुरते द्यावेत, कारण चूक त्याचीही नाही. दोन्हीकडे न्याय. सगळ्यांनी माना डोलावल्या. एका बाजूने काही कापलं जात नाही आणि दुसऱ्या बाजूला सगळं मिळतं, म्हणजे हे गुण हवेतून पैदा होतात, एवढी साधी गोष्ट त्या खोलीत कोणाच्याच ध्यानात आली नाही. तिच्याही नाही. तिच्या डोळ्यांपुढे त्या वेळी फक्त एक कुरकुरणारा माणूस होता.

दिराच्या ध्यानात आली. मागच्या खोलीत भावाचा कंप्युटर तसाच होता, त्यात भावाचं खातं उघडंच होतं, आणि त्या खात्याची रँक उंच, गेला तेव्हा होती तिथेच गोठलेली. अशा बड्या विमानाला पाडलं की छोट्याला गुणांची रास मिळते. दीर भावाच्या खात्याने आत शिरायचा, वायर उपटायचा, सावली उडायला लागली की दुसऱ्या कंप्युटरवर स्वतःच्या खात्याने येऊन तिला पाडायचा. पडलेलं विमान पुन्हा धावपट्टीवर उभं राहायचं. पुन्हा पाडायचा. बघता बघता तो मधल्या रांगेतून थेट वरच्या मंडळींत जाऊन बसला. लोक त्याला उस्ताद म्हणू लागले, त्याच्याकडे पैसे मोजून शिकायला येऊ लागले. दुकान डबघाईला आलं होतं, ते या शिकवण्यांवर तगलं.

तिने चित्रफीत पाहिली होती, सगळं समजलं होतं, आणि नोंदीत "तपासणी चालू" एवढंच लिहिलं होतं. ती तपासणी पुढे चालूच राहिली. कारण दोष सिद्ध झाला की त्यात वापरलेली दोन्ही खाती बंद होतात, आणि खातं बंद झालं की त्याची सावलीही पुसली जाते. जुन्या चित्रफितीसुद्धा. मग ती कामाच्या मध्ये, इतरांचं लक्ष नसताना, एखादी चित्रफीत लावायची. विमान वर चढायचं. डावा पंख झुकायचा, सावरायचा, पुन्हा झुकायचा. तेवढं बघून ती बंद करायची. पुढचं, म्हणजे पडण्याचं, ती बघत नसे.

ही तिची चूक झाली. बघायला हवं होतं.

*

तिच्या ऑफिसात एक पोरगेलासा सहकारी होता. एखादी गोष्ट डोक्यात शिरली की तिचा पिच्छा सोडत नसे, म्हणून सगळे त्याला किडा म्हणत, आणि तोही त्या नावाला ओ देई. त्या दिवशी सकाळी तो तिच्या टेबलाशी येऊन उभा राहिला.

"ताई, एक गंमत दाखवू?"

"तुझ्या गमतीने माझा दिवस जातो. दाखव."

त्याने नकाशा उघडला. विमान जिथे पडेल तिथे एक ठिपका, अशी त्याची रचना होती. सगळीकडे विरळ, धुळीसारखे ठिपके होते. फक्त ओसाड बेटांच्या भागात, दीपस्तंभाजवळ समुद्रावर एका जागी ठिपक्यांवर ठिपके बसून काळाकुट्ट डाग पडला होता.

"सगळी विमानं इथेच कशी पडतात?" ती म्हणाली.

"सगळी नाही. एकच. तेच ते परत परत पडतंय." किडा खुशीत आला होता. "पोरं त्याला 'मामा' म्हणतात. 'काल मामाकडे जाऊन आलो' म्हणजे फुकटचे गुण घेऊन आलो. आणि ताई, शिस्त बघ, रांग लावतात! सगळे दीपस्तंभाभोवती घिरट्या घालत थांबतात. एकाने पाडलं की दुसऱ्याची पाळी. कोणी मध्ये घुसला तर सगळे मिळून त्यालाच पाडतात. आपल्या बँकेत नसेल एवढी शिस्त."

तिला हसू आलं नाही. "पण इतक्या जणांना हे कळलं कसं?"

"कोणा उस्तादाच्या चित्रफिती बघून. पण खरी गंमत वेगळीच आहे." त्याने आवाज उगाचच खाली आणला. "हा मामा आता पळत नाही. सावली म्हटली तरी पळते ना, वळते, निदान जीव वाचवायची नक्कल तरी करते? हा धावपट्टी सोडतो आणि सरळ दीपस्तंभाकडे जातो. तिथे वेग कमी करतो. आणि थांबल्यासारखा राहतो, कोणी मारेपर्यंत. बघ."

त्याने चित्रफीत लावली, आणि तिने ती पहिल्यांदाच शेवटपर्यंत बघितली.

विमान उठलं. समुद्र ओलांडून, कुठेही न वळता, ठरल्या घरी जावं तसं गेलं. दीपस्तंभापाशी त्याने इंजिन मंद केलं. घिरट्या घालणाऱ्यांपैकी एक विमान सावकाश, अगदी अदबीने, त्याच्या मागे आलं. मागचा दिसत असूनही ते हललं नाही. गोळ्या लागल्या. ते पडलं. काही क्षणांत पुन्हा धावपट्टीवर उभं राहिलं, आणि पुन्हा तिकडेच निघालं.

तिचं डोकं नेहमीसारखंच चालत होतं, थंडपणे. ताज्या उड्डाणांना वजन जास्त. ताजी उड्डाणं म्हणजे सावलीची स्वतःचीच, पडण्याची. सावली त्यांतूनच शिकत होती, म्हणजे ती आता एकच गोष्ट शिकत होती. आणि चढण्याआधी डावा पंख?

"मागे घे," ती म्हणाली. "तिथे. थांबव."

पंख झुकला नव्हता. थरथरला होता फक्त. झोपेत माणसाचं बोट हलावं तसा. तिने पहिल्या दिवसाची चित्रफीत आठवली, तो ऐसपैस झुकाव. मधल्या काळात ती रोज बघत होती आणि रोज तिला तोच दिसत होता. रोज आरशात बघणाऱ्याला आपण वाळत चाललोय हे कळत नाही, तसं झालं होतं.

"कोणाचं खातं आहे, ते बघितलंस?" तिने विचारलं.

"अजून नाही. तपासणी तुझ्याकडे चालू आहे असं दिसतंय, म्हणून म्हटलं आधी तुला विचारावं." किडा तिच्याकडे बघत होता. त्याच्या नाकावरचा चष्मा तिच्या नवऱ्यानेच बनवलेला होता. "बरी आहेस ना, ताई?"

"आजचा दिवस माझ्याकडे राहू दे. दुपारी फोन करते. जवळपास राहा."

"राहतो की. बंद करायचं असेल तर ऐकायला मीच लागणार."

ऑफिसात तशी पद्धतच होती. कोणीतरी एकदा दमलेल्या डोळ्यांनी भलत्याच माणसाचं खातं पुसून टाकलं होतं, आणि ते परत आणता आलं नव्हतं. तेव्हापासून खातं एकट्याने बंद करायचं नाही, असं ठरलं. दुसऱ्या एकाला समोर किंवा फोनवर घ्यायचं, कोणाचं खातं ते सांगायचं, आणि 'मी ते बंद करतेय' असं मोठ्याने म्हणायचं. मनातल्या मनात म्हटलेलं चालत नसे.

*

दुकानात गिऱ्हाईक नव्हतं. भिंतीवर वरून खाली लहान होत जाणाऱ्या अक्षरांचा तक्ता, काचेच्या कपाटात रिकाम्या फ्रेमा, आणि त्या फ्रेमांच्या पलीकडे दीर फडक्याने एक भिंग पुसत बसलेला. ती आत आली तसा तो उठला.

"वहिनी! आज सूर्य कुठे उगवला? नंबर वाढला की काय?"

"वाढलाच असणार. इतके दिवस समोरचं दिसत नव्हतं."

त्याचं फडकं थांबलं. त्याला टोमणा कळला. तो हसू तसंच ठेवून म्हणाला, "बस ना."

"भाऊजी, मी बसायला नाही आले. तुम्ही त्याला किती वेळा पाडलंत?"

दिराने भिंग जागेवर ठेवलं, फडक्याची घडी घातली. कानावर हात ठेवील असं तिला वाटलं होतं, पण तो म्हणाला, "मोजलं नाही. सुरुवातीला मजा वाटायची. तो जिवंत असताना मला कधी जिंकू द्यायचा नाही, माहितीये ना तुला? म्हणायचा, 'धाकटा आहेस, धाकट्यासारखा हर.' म्हटलं आता बघ!" त्याने घातलेली घडी मोडली. "मग तो पळेनासा झाला. मला वाटलं माझा नेम सुधारला. उस्ताद म्हणत होते ना सगळे, मलाही खरं वाटायला लागलं होतं. एक दिवस त्याच्या मागे गेलो, आणि वहिनी, मी गोळी झाडायच्या आधीच त्याने वेग कमी केला. मी लांब होतो. मला यायला सोपं जावं म्हणून कमी केला."

"तो नाही. सावली."

"तू म्हण सावली. माझ्या अंगावर काटा आला. त्या दिवसापासून मी सोडलं."

"सोडलंत?" तिने त्याच्याकडे रोखून पाहिलं. "आज सकाळी तो पडलाय. कालही. तिथे रांगा लागल्यात."

"आईशप्पथ, मी नाही. माझं खातं काढून बघ, कधीपासून तिकडे फिरकलेलोच नाही."

"मग इथून कोण सुरू करतं ते?"

दिराने मागच्या खोलीच्या दाराकडे बघितलं. आता दुकानात कोणी बोलत नव्हतं म्हणून तिला ऐकू आलं. दाराआडून विमानाच्या इंजिनाची संथ, एकसुरी घरघर येत होती.

"मला वाटलं आई आत झोपते," दीर हळूच म्हणाला. "दुपारची तिथे पडते, बरं वाटतं म्हणते. मग आवाज यायला लागला. मी विचारलं नाही."

"का?"

"काय विचारू? मी ज्याला मारायचो त्याला तू का बसवतेस, असं?"

*

सासूबाई तिच्या नवऱ्याच्या खुर्चीत बसल्या होत्या. पाठ ताठ, हात मांडीवर. खोलीत पडद्याचा निळसर उजेड होता, आणि त्यात त्यांचे पांढरे केसही निळे दिसत होते. पायाशी निळी वायर होती. पडद्यावर त्याचं विमान धावपट्टीवर उभं होतं, मागून दिसत होतं, जणू त्याच्या खुर्चीमागे उभं राहून आपण बघतोय.

"आलीस?" वळून न बघताच त्या म्हणाल्या. "ये. आता निघेल तो."

"आई, हे तुम्हाला कोणी शिकवलं?"

"कोणी कशाला शिकवायला पाहिजे? हा रोज करायचा, मी दारातून बघायचे." त्यांनी मानेनेच दाराकडे खूण केली, तिथे दीर येऊन उभा राहिला होता. "हे बटण दाबायचं. विमान आलं की वायर काढायची आणि परत लावायची. मग खेळ आपल्या हातात देत नाही, नुसतं बघू देतो." आणि अगदी सहज, घरातलं एखादं काम सांगावं तसं त्या म्हणाल्या, "वायर काढली की तो येतो."

दारातल्या माणसाचा श्वास तिला ऐकू आला.

विमान धावू लागलं, उठलं. सासूबाई थोड्या पुढे झुकल्या.

"आई, ते शेवटी पडतं, ते दिसतं ना तुम्हाला?"

"दिसतं ना. पण परत उभा राहतो. इथे राहतो." त्यांच्या आवाजात तक्रार नव्हती. मग त्यांनी विचारलं, "मला एक सांग. तुझं ते सगळं शिक्षण आहे म्हणून विचारते. आधी तो वर जाताना मान कलवायचा. त्याची ती डोळ्याची सवय. आता कलवत नाही. सरळ जातो. त्याला काही झालंय का?"

तिला वाटलं होतं की एवढं फक्त आपल्यालाच दिसतं. तिने बाजूचं स्टूल ओढलं आणि सासूबाईंच्या गुडघ्याला गुडघा लागेल इतक्या जवळ बसली. त्यांच्याशी खोटं बोलायचं नाही, हे तिने जिन्यावरच ठरवलं होतं. कसं बोलायचं, ते मात्र ठरलं नव्हतं.

"आई, हा तो नाही. तो कसा उडवायचा, ते मशीन शिकलं होतं. जे वारंवार घडतं, ते मशीन शिकतं. आधी त्याच्या उड्डाणांवरून शिकलं होतं, म्हणून मान कलवत होतं. आता रोज पडतंय, म्हणून पडायला शिकतंय. प्रत्येक वेळी पडलं की त्याचं थोडं जातं आणि पडण्याचं थोडं येतं."

"म्हणजे मी रोज बसवते म्हणून?"

"तुम्ही बसवता म्हणून. भाऊजींनी पाडलं म्हणून. ते बाहेरचे सगळे रांग लावतात म्हणून." तिला पुढचं वाक्य जड गेलं. "आणि मी नुसती बघत बसले म्हणून. मला पहिल्यापासून माहीत होतं. मी तेव्हाच थांबवू शकले असते."

"मग का नाही थांबवलंस?"

"तुम्ही ज्याच्यासाठी बसता, त्याच्यासाठीच."

पडद्यावर समुद्र सरकत होता. लांबवर दीपस्तंभ दिसू लागला, आणि त्याच्याभोवती संथ फिरणारी विमानं. मेलेल्या जनावरावर पक्षी फिरतात तशी नव्हती ती. तशी असती तरी बरं वाटलं असतं. ती नीट अंतर राखून, एकाच उंचीवर, कोणाला धक्का न लावता थांबली होती.

"वहिनी," दारातून दीर म्हणाला. "ते पुसलंस की माझंही सगळं जाईल. रँक, शिकवण्या. हे दुकानही."

"जाईल, भाऊजी."

तो दाराच्या चौकटीला टेकला. मग म्हणाला, "तो हसला असता. म्हणाला असता, धाकट्यासारखा हरलास." आणि नाक पुसून, "आईला विचार. मी काही बोलणार नाही."

विमान दीपस्तंभापाशी पोचलं. इंजिनाची घरघर खाली आली. वेग मंदावला, आणि ते थांबल्यासारखं राहिलं. रांगेतल्या पहिल्या विमानाने फेरा सोडला आणि ते मागे येऊ लागलं. पण अजून बरंच लांब होतं. ते विमान ज्या पद्धतीने वाट बघत होतं, तसा तिचा नवरा कधीच कशाची वाट बघत नसे. बसस्टॉपवरसुद्धा दहादा रस्त्यावर उतरून बघायचा.

"बघ!" सासूबाई एकदम म्हणाल्या. त्यांनी तिचं मनगट धरलं. "बघ, कलवली! कलवली मान!"

तिने पाहिलं. खरंच, डावा पंख खाली होता. क्षितिजाची रेघ तिरकी झाली होती. एक सबंध क्षणभर तिला वाटलं की हिशेबाच्या तळाशी, पडण्याच्या त्या सगळ्या थरांखाली, काहीतरी शिल्लक आहे. ते आपल्याला ओळखतंय. आज राहू दे, आजच्या दिवस राहू दे, उद्या बघू.

मग सवयीने तिने पडद्याऐवजी पडद्याची कड बघितली. कडही तिरकी होती. टेबलही. भिंतही.

तिने शेजारी पाहिलं. सासूबाईंची मान डाव्या खांद्याकडे कलली होती. दारात उभ्या असलेल्या दिराचीही. आणि तिची स्वतःचीही. केव्हा कलली ते तिला कळलं नव्हतं. तिघंही एका अधू डोळ्याच्या माणसाच्या ढबीत बघत होती. पडद्यातलं विमान मात्र सरळ होतं. कशाकडेही न बघता, पंख सपाट धरून, ते मागून येणाऱ्याची वाट बघत होतं.

तिने हळूहळू मान सरळ केली. सगळं जाग्यावर आलं.

"आई," ती म्हणाली, "मान सरळ करा आणि बघा. एकदाच."

सासूबाईंनी लगेच केली नाही. त्या तिच्या तोंडाकडे बघत राहिल्या, मग पडद्याकडे. मग मोडलेली वस्तू जपून उचलावी तशी त्यांनी आपली मान सरळ केली. बराच वेळ त्या बघत होत्या. तिच्या मनगटावरची त्यांची पकड सैल झाली, पण त्यांनी हात काढून घेतला नाही.

"तो नाहीये," त्या म्हणाल्या. "तो असा कधी उभा राहिला नसता."

"नाही."

"मग त्याला असं ठेवू नकोस."

तिने दुसऱ्या हाताने फोन काढला. एका घंटीतच किड्याने उचलला. तो खरंच जवळपास राहिला होता.

"किडा, ऐकतोयस?"

"ऐकतोय, ताई. बोल."

मागून येणारं विमान आता नेमाच्या पल्ल्यात पोचत होतं. तिने त्याच्याकडे पाहिलं नाही. तिने सासूबाईंकडे पाहिलं, दाराकडे पाहिलं, आणि ऑफिसात म्हणतात तसं, मोठ्याने, एकेक शब्द सुटा करून म्हणाली, "दीपस्तंभापाशी पडतं ते खातं माझ्या नवऱ्याचं आहे. मी ते बंद करतेय."